कॅमेऱ्याला तिळगूळ

थंडी हल्ली अंगावर यायच्या आधी मोबाईलवर येते. परवा सकाळी पांघरुणातून हात बाहेर काढून फोन घेतला, तर सोसायटीच्या ग्रुपवर पाच-सहा जणांनी एकाच आकड्याचा स्क्रीनशॉट टाकलेला. निफाडचा पारा घसरला. नाशिककरांना या गोष्टीचा एवढा अभिमान का वाटतो कोण जाणे. जणू पारा यांनीच हाताला धरून खाली ओढला. आमच्या बिल्डिंगमधलं कोणी निफाडला राहत नाही, पण आकडा मात्र आमचा. मी तो बघितला, आणि मला हुडहुडी भरायच्या आधी खैरनार सर आठवले. गेल्या हिवाळ्यात हा स्क्रीनशॉट सगळ्यांत आधी तेच टाकायचे.

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला वाईट वाटायला नको. विंचूरच्या अलीकडे एका पॅकहाउसमध्ये मी द्राक्षं तपासते. माझं काम नाकारण्याचं आहे. घड हातात घ्यायचा, उजेडाकडे धरून फिरवायचा, आणि तडकलेला, कुजका, बारका मणी कात्रीने उडवायचा. इतकी वर्षं हे केल्यावर माणसांकडेही तसंच बघायची सवय लागते. माझ्या जिभेबद्दल तक्रारी आहेत. त्या खऱ्या आहेत.

खैरनार सर आमच्याच मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहतात. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला शिकवलं नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. पण आमच्याकडे जो न विचारता समजावून सांगतो त्याला सर म्हणतात. थंडीत सकाळी धुकं विरलं की गच्चीवरून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात, आणि सर रोज त्यांच्याकडे बघून घड्याळ लावल्यासारखा चेहरा करतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला एक नवी नोकरी लावून घेतली. रोज सकाळी इंटरनेटवरून एक गंमत शोधायची आणि ग्रुपवर टाकायची. वर लिहायचं ‘आजचा शोध’. खाली एक ठरलेलं वाक्य: ‘तंत्रज्ञान पोहोचलं, माणूस अजून वाटेत आहे.’

शोध चांगले असायचे, हे मान्य करायला हवं. कुठल्याशा देशातल्या एका बाईने फ्रिजला सांगून ठेवलं होतं की मी डाएटवर आहे, तर तो तिला दारच उघडून देईना. एका हॉटेलातला यंत्रमानव चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्याशी अडला आणि दिवसभर उंबऱ्याला ‘कृपया बाजूला व्हा’ म्हणत राहिला. एका पोपटाने घरातल्या बोलक्या स्पीकरला हुकूम सोडून पेरू मागवले. एका शहाण्याने दाराला मोबाईलवर उघडणारं कुलूप बसवलं, मोबाईल घरात विसरला, आणि स्वतःच्याच खिडकीतून आत शिरताना शेजाऱ्यांचा मार खाल्ला. सर हे सगळं मन लावून वेचायचे. ग्रुपवर त्याला अंगठे मिळायचे. आमच्या ग्रुपवर अंगठा म्हणजे ‘बघितलं नाही, पण तुम्ही जिवंत आहात हे कळलं’.

हिवाळ्यात आमच्याकडे रोज सकाळी पार्किंगमध्ये शेकोटी पेटते. गॅलऱ्यांना काचा लावून बसलेली माणसं तेवढ्यापुरती खाली उतरतात. एक जुनं घमेलं आहे, आणि जळण मी आणते: ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या द्राक्षाच्या काड्या. त्या तडतडत जळतात आणि धूर कमी करतात. पहिल्या मजल्यावरचे फिरोजभाई, ज्यांचा कापडाचा धंदा आहे, ते सगळ्यांत आधी येऊन बसायचे. पाठोपाठ सर, फोनसकट. मग सुमनकाकू, म्हणजे खैरनार सरांच्या पत्नी, पदराखाली झाकून काहीतरी खायचं घेऊन. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, नाहीतर त्याच विस्तवात भाजलेलं वांगं. काकू आल्या की सगळ्यांचे पाट त्यांच्या बाजूला सरकायचे. सरांचा शोध अर्ध्यात राहायचा.

काकू सटाण्याकडच्या. नाशिकला येऊन जन्म गेला तरी तोंडातलं अहिराणी ‘शे’ गेलं नाही. त्यांच्या गोष्टी गावाकडच्याच असायच्या. एक मला अजून आठवते. त्यांच्या माहेरी गावात पहिल्यांदा फोन आला, तेव्हा त्यांचे वडील फोन वाजला की आधी खुंटीवरची टोपी घ्यायचे, डोक्यावर नीट बसवायचे आणि मगच रिसीव्हर उचलायचे. ‘‘ते म्हनत, तिकडे साहेब राहिना तं? बोडकं कसं बोलानं?’’ काकू सांगायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या. आम्हीही पोट धरून हसायचो, पण हसून झाल्यावर तो टोपीवाला म्हातारा आम्हाला आवडायला लागायचा. सर मात्र घसा खाकरून म्हणायचे, ‘‘यावरून आठवलं, आज एक भारी शोध सापडलाय.’’ कोणी बघायचं नाही त्यांच्याकडे. शेकोटीच्या उजेडात त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी तेव्हाच टिपलं होतं. बायकोला मिळणारं हसू त्यांना हवं होतं.

कॅमेरा त्यांनीच लावून घेतला. गाड्यांतलं पेट्रोल चोरीला जायला लागलं, आणि सरांनी मीटिंगमध्ये अर्धा तास भाषण दिलं. पार्किंगमध्ये, लिफ्ट आणि जिना दोन्ही दिसतील असा एक कॅमेरा, आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर त्याचं ॲप. कोणालाही केव्हाही बघता यावं, मागचं काढता यावं, हवा तो तुकडा कापून ठेवता यावा. आवाजाचा कॅमेरा थोडा महाग होता. सर म्हणाले, ‘‘आवाज कशाला? चोर काय भाषण करणार आहे?’’ भाषणांचा अनुभव त्यांनाच होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून सरांना कंट्रोल रूमसारखं पुन्हा एक पॅनेल मिळालं. चहा पिता पिता ते रिकाम्या पार्किंगकडे बघत बसायचे.

आणि काकू त्या कॅमेऱ्याला राम राम करायच्या. लिफ्टमधून बाहेर आल्या की वर बघायचं, हात जोडायचे, मग पुढे जायचं. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘कोनी तरी देखस ना तठून? मंग राम राम नको का कराले?’’ मी समजावलं की तिथे कोणी बसलेलं नसतं. त्या म्हणाल्या, ‘‘तुना फोनमा दिसस ना? मंग तू शे ना.’’ खरंच मी असायचे कधीकधी. टोपी घालून फोन उचलणाऱ्याची लेक होती ती. बघणाऱ्याला ओळख न देता पुढे जाणं तिला जमणारं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीला काकू वाटी घेऊन खाली उतरल्या. पार्किंगमध्ये अजून कोणी आलेलं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखा राम राम केला, मग काय मनात आलं कोण जाणे, वाटीतला एक लाडू चिमटीत धरून, टाचा उंचावून कॅमेऱ्यापुढे नेला. तोंड हलताना दिसतं: तिळगूळ घ्या, गोड बोला. थोडं थांबल्या. समोरच्याने घेतला नाही म्हणून जरा हसल्या, आणि लाडू परत वाटीत ठेवला.

वर, चहाच्या कपामागे, सर हे बघत होते.

शेकोटी पेटायच्या आत ग्रुपवर आलं. ‘आजचा शोध’, खाली तो तुकडा, आणि त्याखाली: ‘तंत्रज्ञान पोहोचलं, माणूस अजून वाटेत आहे. ओळखा पाहू कोण?’ ओळखायला काय लागतंय? हिरवं लुगडं, पांढरा स्वेटर, सगळ्या बिल्डिंगला पाठ होतं. पण त्या दिवशी अंगठे नव्हते. त्या दिवशी लोक शब्दांत बोलले. ज्यांनी वर्षभर सरांना एक अक्षर लिहिलं नव्हतं, तेही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे टाकत सुटले. सरांच्या गालांवर तरुणपण आलं होतं. बायकोचं घर विकून आलेल्या पैशांत पंगत घालावी आणि वर ‘आग्रह करा हो’ म्हणावं, तसे ते फिरत होते. काकूंच्या फोनवर ग्रुपच नव्हता. त्या वांगं भाजत बसल्या होत्या.

आपण रोज एकमेकांना काय वाटत फिरतो, याचा मी नंतर खूप विचार केला. हसू एकट्याला पुरत नाही, ते कोणाला तरी द्यावंसं वाटतं, इथपर्यंत ठीक. पण देताना आपलं असं काही जात नाही. फ्रिजपुढे उपाशी उभी असलेली बाई दुसऱ्या देशातली असते. खिडकीतून शिरताना मार खाणारा कोणाचा तरी नवरा असतो, पण आपल्या ओळखीचा नसतो. त्यांच्या घरी त्या दिवशी काय झालं हे विचारायची आपल्याला गरज नसते. सरांनी वर्षभर परक्यांच्या घरातून आणून वाटलं. शेवटी परके संपले नव्हते, पण त्यांना दाद मिळत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या घरात हात घातला. दुष्टपणा नव्हता त्यात, भूक होती. माझ्या अनुभवात भुकेलेला माणूस दुष्ट माणसापेक्षा जास्त नासधूस करतो.

ग्रुपमधून तो तुकडा बाहेर गेला. कोणाच्या भावजयीकडे, तिथून तिच्या मैत्रिणींकडे, आणि मग ज्यांना ना गाव ना नाव अशांकडे. कोणीतरी त्याला ढोलकी लावली. कोणीतरी काकूंच्या डोक्यावर मुकुट चिकटवला. माझ्या पॅकहाउसमधल्या पोरींनी मला तो दाखवला आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, बघा ना, कसली बावळट म्हातारी हाय.’’ मी त्यांना त्यांच्या पेट्यांमधले चार तडकलेले मणी दाखवले आणि सगळ्या पेट्या पुन्हा भरायला लावल्या.

तळमजल्यावरच्या देशमुख वहिनींकडे हळदीकुंकू होतं. काकू पैठणी नेसून, नथ घालून आल्या होत्या. वहिनींची भाची मुंबईहून आलेली, ती एकदम किंचाळली, ‘‘अय्या! तुम्ही त्या आजी ना? कॅमेऱ्याला तिळगूळवाल्या?’’

काकूंना काही कळलं नाही. त्या लाजल्या. ‘‘मी कोनती वं?’’

‘‘एकदा करा ना तसंच! प्लीज, आजी, माझ्या फोनकडे बघून.’’

आणि काकूंनी केलं. त्यांना वाटलं, पोरीला तिळगूळ हवाय. हातातल्या वाणाची चहाची गाळणी बाजूला ठेवली, ताटलीतला लाडू उचलला, फोनपुढे धरला आणि गोड हसून म्हणाल्या, ‘‘घे माय, गोड बोल.’’ खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. नथी हलेपर्यंत हसल्या. काकूही हसल्या त्यांच्याबरोबर, कारण सगळे हसताना गप्प बसणं त्यांच्या रीतीत नव्हतं. मग म्हणाल्या, ‘‘माले बी दखाड ना.’’

मी भाचीच्या हातातून फोन घ्यायला उठले, पण तिने आधीच दाखवला. काकूंनी चष्मा लावला. मुकुट बघितला, ढोलकी ऐकली. मग खालचं, लोकांनी लिहिलेलं, त्या सातवी पास बाईने एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. ‘या आजीला कोणी सांगेल का, आत माणूस नसतो.’ ‘घरच्यांनी हिला बाहेर सोडलं कसं?’ शेवटी बोट वर सरकलं आणि त्या ठरलेल्या वाक्यावर थांबलं. ढोलकी लावणाऱ्याने ते तेवढं तसंच ठेवलं होतं.

‘‘हाई वाक्य तं ह्यासनं शे,’’ काकू म्हणाल्या.

काकूंनी कुंकू लावून घेतलं, गाळणी पिशवीत टाकली, वहिनींना ‘‘येतु’’ म्हणाल्या आणि निघाल्या. पार्किंगमध्ये त्यांनी पदर कपाळावरून ओढून थेट हनुवटीपर्यंत आणला आणि कॅमेऱ्याखालून भिंतीला घासत लिफ्टमध्ये शिरल्या. हे मला कसं माहीत, तर मी ॲपवर बघितलं.

त्यानंतर काकू खाली आल्या नाहीत. लिफ्टने जा की जिन्याने, वाटेत कॅमेरा होताच. भाजीवाला आला की त्या गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायच्या. दवाखान्याचं निघालं की ‘बरं वाटी राहिनं’ म्हणायच्या. सख्ख्या भाच्याचं लग्न होतं सटाण्याला, गाडी दारात उभी होती, तर पाय दुखतो म्हणून दार लावून घेतलं. पाय ठणठणीत होता, घरात त्यांची पावलं मला ऐकू यायची. उन्हाळा गेला, पाऊस गेला. हसतमुख बाई एका जिन्याला भिऊन घरात कोंडली गेली, आणि ज्या बिल्डिंगने तिला हसून कोंडलं, तीच ‘अलीकडे काकू दिसत नाहीत’ असं एकमेकांना विचारायची.

सरांनी तुकडा ग्रुपवरून काढून टाकला होता. घरातलं पातेलं घासून पालथं घातलं म्हणून पंगतीत वाढलेलं परत येत नाही. फिरोजभाई त्यांना तोंडावर बोलले. ‘‘सर, घरच्याच माणसाची पतंग केली तुम्ही. आता मांजा कुनाच्या हातात हाय, तुम्हाला तरी मालूम हाय का?’’ सर म्हणाले, ‘‘अहो, नाव कुठे टाकलं होतं मी? आणि लोकांना आनंदच झाला ना?’’ हे ते पुष्कळ दिवस म्हणत राहिले. मग म्हणेनासे झाले. काकू त्यांना वाढायच्या, कपडे धुऊन द्यायच्या, औषधाची वेळ सांगायच्या. त्यापलीकडे एक शब्द नाही. सरांनी समजूत काढायला तोंड उघडलं की त्या मिक्सर लावायच्या. चटणी वाटून होईपर्यंत माणूस किती वेळ क्षमा मागणार?

या वर्षी थंडी पडली तशी काकूंनी मला घरात बोलावलं. सर चक्कीवर गेले होते. काकूंनी आपला जुना फोन पुढे केला. ‘‘माले ते कॅमेरानं शिकाड.’’ मी ॲप टाकून दिलं. त्या रोज सकाळी चूल-पोतेरं आटोपून खुर्ची ओढून बसायला लागल्या आणि ज्या पार्किंगमध्ये पाऊल टाकत नव्हत्या ते बघायला लागल्या. शेकोटी कोण पेटवतं, तिथे कोणाचा पाट कुठे आहे, सगळं त्यांना माहीत असायचं. आमच्यात त्यांची जागा रिकामी होती, तीही दिसत असणार.

सरांना कळायला वेळ लागला नाही. किती जण बघताहेत हे ॲपवर दिसतं, आणि पॅनेल वाचण्यात त्यांचा जन्म गेलेला. मग ते रोज सकाळी, कोणी यायच्या आत, खाली जायला लागले. माकडटोपी, मफलर, हाताला मोजे. कॅमेऱ्याखाली उभे राहायचे. आवाज नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून मोजे काढायचे, दोन्ही हातांनी कान धरायचे आणि वर बघत उभे राहायचे. एकाच घरातली दोन माणसं, मध्ये एक भिंतसुद्धा नाही, आणि माफी अशी खालून वर यायची. एके दिवशी मी काकूंजवळ बसले होते तेव्हा हे चाललं होतं.

‘‘आवाज येत नही ना?’’ काकूंनी विचारलं.

‘‘नाही, काकू.’’

‘‘बरं शे,’’ त्या म्हणाल्या आणि बघत राहिल्या. सरांची दया आली का मला? थोडी आली. कुजक्या मण्याचीही येते कात्री लावताना.

मग त्यांनी विचारलं, ‘‘हाई कापी लेवानं कसं?’’ मी कसं कापायचं ते शिकवलं. ग्रुपमध्ये त्यांचं नाव घालून दिलं. माझ्या फोनवरचं एखादं जुनं वाक्य त्यांच्या फोनवर जसंच्या तसं उचलायचं कसं, तेही शिकवलं. त्या कशासाठी शिकताहेत हे मला कळत होतं. मी मन लावून शिकवलं, आणि अजूनही त्याबद्दल मला काही वाटत नाही.

संक्रांतीच्या सकाळी शेकोटीभोवती आम्ही सगळे होतो. काड्या तडतडत होत्या. सर फिरोजभाईंच्या शेजारी, मफलरात नाक खुपसून. एकदम सगळ्यांचे फोन वाजले. काकूंच्या नंबरवरून आलेला पहिलाच संदेश. ‘आजचा शोध’. त्याखाली माकडटोपी घातलेला एक म्हातारा, रिकाम्या पार्किंगमध्ये, कान धरून आभाळाकडे बघतोय. बराच वेळ बघतोय. मग खिशातून रुमाल काढून नाक पुसतो आणि पुन्हा कान धरतो. खाली: ‘तंत्रज्ञान पोहोचलं, माणूस अजून वाटेत आहे. ओळखा पाहू कोण?’

आधी देशमुख वहिनी हसल्या. मग सगळेच. फिरोजभाई तोंडावर रुमाल धरून हसले, पण हसले. सरांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला. शेवटपर्यंत बघितलं त्यांनी, नाक पुसण्यापर्यंत.

आणि लिफ्टचं दार उघडलं. वर्षभरानंतर सुमनकाकू बाहेर आल्या, हिरवं लुगडं, पांढरा स्वेटर, हातात वाटी. वर बघितलंसुद्धा नाही. सरळ शेकोटीजवळ आल्या, ‘‘सरका जरा,’’ म्हणाल्या, आणि वाटायला लागल्या. वहिनींना दिला, फिरोजभाईंना दिला, मला दोन दिले. प्रत्येकाला ‘‘गोड बोला’’. सगळे एकदम बोलायला लागले, पाट सरकले, त्यांच्यासाठी जागा झाली.

सर उभे राहिले होते. मोजा काढून त्यांनी हात पुढे केला. काकूंनी वाटीत बघितलं, लाडू होते अजून. मग सरांकडे बघितलं आणि कोणाला तरी रस्ता सांगावा इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या, ‘‘मांगली संक्रांतले तठे दिन्हा ना मी. तठूनच ल्या.’’

त्या माझ्या शेजारी बसल्या आणि विस्तवापुढे तळवे धरले. सरांचा हात तसाच पसरलेला राहिला, आणि त्यांनी खरंच एकदा वर कॅमेऱ्याकडे बघितलं.